मदत हवी आहे : फुगडीत हात नेमके धरायचे कसे?

नमस्कार मंडळी,

आमच्या सोसायटीत एका नव्या सुनेची पहिली मंगळागौर आहे आणि रात्रीचे खेळ आम्ही बाराजणी करणार आहोत. झिम्मा, पिंगा, कोंबडा, घागर फुंकणं, सगळं बसलंय. अडलंय ते साध्या फुगडीत, आणि तेही पायांत नाही, हातांत.

माझी जोडी एका काकूंबरोबर लावली आहे. त्या ५८ वर्षांच्या, वजन पन्नासच्या आत. मी ४१, वजन ७२ (लिहिलं एकदाचं). काकू लहानपणापासून खेळलेल्या, दम माझ्यापेक्षा जास्त. पण हात असे आवळतात की फुगडी सुटल्यावर माझ्या हातावर त्यांच्या अंगठ्याचे वळ उठलेले असतात. दुसऱ्या दिवशी पोळ्या लाटताना अंगठ्याच्या मुळाशी कळ येते. म्हणून मी जरा सैल धरलं, तर गेल्या मंगळवारी हात सुटले. काकू सोफ्यावर पडल्या आणि मी फरशीवर बसकण मारली. फार लागलं नाही, पण दोन दिवस बसताना आठवण येत होती.

त्यात बांगड्या. काचेच्या हिरव्या बांगड्या घालून सराव केला तर दोन वाढवल्या आणि मनगटावर ओरखडा आला. काढून ठेवते म्हटलं तर सासूबाई म्हणाल्या, "मंगळागौरीला लंकेच्या पार्वतीसारखी उभी राहणार का?"

तर तळव्यात तळवा धरायचा, की बोटं अडकवायची, की मनगट? वजनात एवढा फरक असला तर भार जास्त कोणावर येतो? आणि वयाने मोठ्या बाईला "हात जरा सैल धरा" हे कसं सांगायचं? व्हिडिओ बरेच पाहिले. त्यांत नऊवारी दिसते, हात दिसत नाहीत.

———

कडकलक्ष्मी :

अंगठा हेच दुखण्याचं मूळ आहे. उजव्यात उजवा, डाव्यात डावा, हातांची कैची झाली की चार बोटांचा आकडा करायचा आणि तो समोरचीच्या आकड्यात अडकवायचा. अंगठा वर नुसता टेकवायचा, दाबायचा नाही. बादली उचलताना कडीला बोटं जशी लागतात तशी. बादली कोणी अंगठ्याने आवळून धरत नाही.

दुसरं म्हणजे कोपर. नवशिक्या घाबरून कोपरात हात वाकवतात, मग सगळा ताण बोटांवर आणि दंडावर येतो. हात सरळ सोडा, चवडे एकमेकींच्या चवड्यांना भिडवा, आणि कमरेत न मोडता अख्खं अंग मागे टाका. बसायला गेल्यासारखं बूड मागे काढलंत तर हात सुटणारच. अंगठ्या काढा, नखं कापा. मेंदीवर तेल लावलं असेल तर खेळायच्या आधी हात साबणाने धुवा. माझ्या पाहण्यात जास्त पडापड त्या तेलानेच झाली आहे.

———

अर्धाकपचहा :

बाप्या आहे, तरी बोलतो. (वारीत आम्हीही फुगडी घालतो, त्यामुळे अगदीच उपरा नाही.)

वजनाचं उत्तर अनेकांना पटत नाही, पण ओढ दोघींच्या हातांना सारखीच बसते. जड बाई आसाच्या जवळ फिरते, हलकी लांब फिरते. म्हणजे काकूंनी तुमच्यापेक्षा जास्त मागे झुकायला हवं आणि तुम्ही कमी. तुम्ही दोघी सारख्याच झुकत असाल तर तोल तुमच्या बाजूला जाणार आणि काकू खेचल्या जाणार. त्या आवळून धरतात यात मला नवल वाटत नाही.

दुसरा मुद्दा वेगाचा. साठ किलोची बाई, शरीराचा मध्य आसापासून अर्धा मीटर लांब, दोन सेकंदांत एक गिरकी, असं धरलं तर हातांवर साधारण ३० किलोची ओढ येते. तीच गिरकी एका सेकंदात घेतली तर १२० किलो! वेग दुप्पट, ओढ चौपट. तेव्हा बोटं पोलादाची असली तरी आधी वेग आवरा.

———

उंबरठा :

मनगटाला मनगट धरणं सगळ्यात भक्कम, कारण एकीची पकड सुटली तरी दुसरीची राहते. झुल्यावरचे सर्कसवाले तसंच धरतात. पण काचेच्या बांगड्यांवर हे चुकूनही करू नका. आमच्याकडे तोडगा असा : दोनच काचेच्या बांगड्या ठेवायच्या, त्या कोपराकडे सरकवायच्या आणि खाली केसांचा रुंद रबर चढवायचा, म्हणजे त्या घसरत नाहीत. बाकी चुडा पूजेला घाला, खेळाआधी उतरवून ठेवा. सासूबाईंना सांगा, फुगडीत काच वाढवण्यापेक्षा हे बरं.

आणि कळ आठवडाभर राहिली तर डॉक्टरांना दाखवा. अंगठ्याच्या शिरा सुजल्या तर लाटणंसुद्धा धरवत नाही, अनुभव आहे.

———

खडीसाखर :

आमच्या गोव्यात चवथीच्या फुगडीत बायका फेर धरतात, वाकतात, टाळ्या देतात, शेवटी तोंडाने फू फू करत वेग वाढतो. हात सुटायचा प्रश्न कमी. तुमची ती दोघींची गरगर बघूनच मला घेरी येते. :)

एक सांगते, थांबायचं कसं ते आधी ठरवा. "पुरे" म्हटलं की दोघींनी तीन-चार गिरक्यांत वेग उतरवायचा, सरळ उभं राहायचं, आणि डोकं थांबेपर्यंत हात सोडायचे नाहीत. बहुतेक जणी फिरताना पडत नाहीत, सोडताना पडतात.

———

धागाकर्ती :

सगळ्यांचे आभार. कालच्या सरावाचा वृत्तांत :

काकूंशी कसं बोलायचं या विचारात मी दोन दिवस घालवले. शेवटी बादलीच्या कडीचं उदाहरण दिलं आणि म्हटलं, "काकू, अंगठा न दाबता एकदा बघूया का?" त्या म्हणाल्या, "अगं, मी कुठे हौसेने दाबते? तुझे हात सैल लागतात, मला वाटतं तू सोडणार. आणि सोडलेसच की!" म्हणजे मी दुखतं म्हणून सैल धरत होते आणि त्या मी सैल धरते म्हणून आवळत होत्या.

मग आधी न फिरता नुसतं धरून मागे झुकून पाहिलं. दोनदा त्या माझ्याकडे ओढल्या गेल्या. तिसऱ्यांदा मी कमी झुकले, त्यांना जास्त झुकू दिलं, आणि हातांत ओढ असूनही कुठे टोचेना. मग सावकाश फिरलो. वीस गिरक्या, अंगठे मोकळे. वळ नाहीत. आज पोळ्या झाल्या, थोडी कळ आहे पण कमी.

रबराची युक्ती सासूबाईंना दाखवली. त्यांनी बांगड्या वर-खाली सरकवून पाहिल्या आणि "दोन कमी आहेत, चार घाल" म्हणाल्या. उंबरठाताई, चार बसतील का त्या रबराच्या वर?