चुनखडीच्या गुहा, सहकुटुंब : नागपूरहून जाणाऱ्यांसाठी अनुभव धागा

दिवाळीच्या किंवा नाताळच्या सुट्टीत नागपूरहून चुनखडीची गुहा बघायला जायचं म्हटलं की दोन नावं निघतात : छत्तीसगडच्या बस्तरमधली कुटुमसर आणि आंध्रातल्या अराकूजवळची बोर्रा. जाऊन आलेल्यांनी नावाऐवजी नागपुरातला आपला भाग टाकून इथे लिहावं. प्रवासवर्णन नको. वाट, पायऱ्या, उजेड, लहान पोरं, म्हातारी माणसं, कुठे अडतं आणि का, एवढं नेमकं सांगा. एका ताईंनी घरातल्या दम्याच्या माणसाला नेता येईल का, असंही विचारलंय.

धरमपेठ :
घरात सगळ्यांत कच्चा गुडघा कोणाचा ते आधी बघा, मग गुहा ठरवा. बोर्राचं तोंड प्रशस्त आहे, आत दिवे आहेत, बांधलेल्या पायऱ्या आणि कठडे आहेत. आजी-आजोबा सावकाश उतरू शकतात. चढताना मात्र दम लागतो, म्हणून उतरतानाच बसायच्या जागा हेरून ठेवा. कुटुमसरचं सगळं उलट. तोंड अरुंद, उतरण उभी, काही ठिकाणी अंग चोरून वाकावं लागतं आणि आत काळाकुट्ट अंधार. वाटाड्याच्या दिव्यावरच चालायचं. कडेवरचं मूल घेऊन तिथे उतरू नका. दोन्ही हात मोकळे लागतात आणि वाकताना बाळाचं डोकं वरच्या दगडाला लागतं.

महाल :
कुटुमसरसाठी रस्ता भंडारा, राजनांदगाव, रायपूर, धमतरी, कांकेर, कोंडागाव, जगदलपूर असा. जवळपास 600 किमी, म्हणजे एका दमात नकोच. रायपूर किंवा धमतरीला मुक्काम करा. पुढे केशकालच्या घाटात 12 वळणं आहेत. पोट्ट्यांना त्याआधी पोटभर खाऊ घालू नका, तर्रीपोहे तर अजिबात नाही.

गुहा कांगेर खोरे राष्ट्रीय उद्यानात आहे. वनविभागाच्या नाक्यावर तिकीट काढायचं, जंगलातल्या वाटेसाठी तिथली जिप्सी आणि सोबत वाटाड्या घ्यायचा. पावसाळ्यात आत पाणी भरतं म्हणून गुहा बंद असते, साधारण नोव्हेंबरात उघडते. दिवाळी ऑक्टोबरात आली की इथेच फसगत होते. आरक्षण झालेलं असतं आणि गुहेला कुलूप! निघण्याआधी जगदलपूरच्या वनविभागाला फोन करून विचारा. तीरथगडचा सुमारे 300 फुटांचा धबधबा त्याच उद्यानात आहे, त्याच दिवशी होतो.

प्रतापनगर :
रंगांबद्दल मुलांना आधीच सांगून ठेवा, म्हणजे हिरमोड होत नाही. बोर्रात दिसणारा निळा-हिरवा-गुलाबी बराचसा दिव्यांचा असतो. दगडाचा स्वतःचा रंग बघायचा तर साध्या पांढऱ्या बॅटरीचा झोत तिरपा टाका. शुद्ध कॅल्साइट (चुनखडीतलं मुख्य खनिज) पांढरं, लोहामुळे पिवळट ते तांबूस, मँगनीजमुळे काळपट. मनसरच्या खाणीतलं मँगनीज आपल्या मुलांना ऐकून माहीत असतं, तोच धागा पकडा. दिव्याच्या अगदी जवळ दगडावर हिरवा थर दिसला तर तो खनिजाचा रंग नव्हे. उजेड मिळाल्यामुळे तिथे शेवाळ धरलेलं असतं.

पावसाचं पाणी मातीतला कार्बन डायऑक्साइड घेऊन किंचित आम्लधर्मी होतं आणि चुनखडी विरघळवतं. गुहेच्या छताशी आलं की तो वायू उडून जातो आणि चुना मागे राहतो. छताला लोंबतो तो अधोमुखी लवणस्तंभ, जमिनीतून वर येतो तो ऊर्ध्वमुखी. छतातल्या एका टोकाशी दोन मिनिटं थांबा : थेंब फुगतो, टोकाला लटकतो, सुटतो, आणि बरोबर खालच्या बुटक्या स्तंभाच्या माथ्यावर फुटतो. वाढीचा वेग साधारणपणे वर्षाला मिलिमीटरच्या दहाव्या भागाइतका. म्हणून हात लावायचा नाही म्हणजे नाही. हाताचं तेल दगडावर बसलं की नवा चुना तिथे धरत नाही आणि जागा काळी पडते. आपलं अजिंठा-वेरूळ बेसाल्टात माणसांनी कोरलेलं, हे पाण्याने घडवलेलं. हा फरक जागेवर दाखवला की मुलं विसरत नाहीत.

सक्करदरा :
बोर्रासाठी नागपूरहून विशाखापट्टणमला समता एक्सप्रेस आहे. रोज नसते, वार बघून तिकीट काढा. तिथून सकाळची किरंदुल पॅसेंजर धरायची. काचेच्या मोठ्या खिडक्यांचा व्हिस्टाडोम डबा हवा असेल तर आरक्षण लवकर करा. पुष्कळ जण थेट अराकूपर्यंत जातात आणि मग गाडी करून मागे येतात. तसं करू नका. बोर्रा गुहलू स्थानक अराकूच्या आधी येतं, तिथेच उतरा. थांबा थोडाच असतो, सामान आधीच दाराशी आणा. बाहेर माकडं फार. संत्र्याची पिशवी हातात दिसली की गेलीच समजा, खाऊ बंद सॅकमध्ये ठेवा.

गुहेतल्या शिवलिंगाकडे जाणाऱ्या पायऱ्या उभ्या आहेत. शिवरात्रीला गर्दी होते, तेव्हा आजी-आजोबांना नेऊ नका.

खामला :
चपला नकोत, रबरी तळव्याचे बूटच. साडी-ओढणी खोचून घ्या. माणशी एक बॅटरी, शक्यतो कपाळाला बांधायची. मोबाईलच्या उजेडाने एक हात अडकतो आणि फोन पडला की चिखलात जातो. लघुशंका बाहेरच उरकून घ्या.

प्रतापनगर :
चष्म्याचं राहिलं. कुटुमसरमध्ये आत वर्षभर साधारण 28 अंश आणि दमट हवा. डिसेंबरच्या गार सकाळी आत शिरलं की चष्मा आणि कॅमेऱ्याची भिंग एकदम धुरकटतात. ऐन उतरणीवर चष्म्यातून दिसेनासं होतं. तोंडाशीच पाच-दहा मिनिटं थांबा, काच गरम होऊ द्या, मग उतरा. तिथल्या डबक्यांत फिकट, डोळे खुरटलेले मासे आहेत. फ्लॅश मारू नका, पाण्यात हात घालू नका.

महाल :
ताई, तुम्ही दम्याचं विचारलं होतं. कुटुमसरमध्ये हवा कोंदट असते, खेळती नसते. पंप खिशात हवा, सॅकमध्ये नको. वाटाड्याला आधीच सांगून ठेवा, म्हणजे तो त्या माणसाला आपल्या मागेच दुसरा ठेवतो. शेवटी राहिलं तर अरुंद वाटेवर मागे वळणं अवघड.