पित्ताची गोळी, गॅसची गोळी: कशी घेता, किती दिवस घेता? अनुभव लिहा

आपल्याकडे गॅसच्या गोळीला कुणी औषध समजतच नाही. लग्नाला निघालं की पर्समध्ये चार टाकायच्या, शेजारणीला जळजळतंय म्हटलं की आपल्यातली एक काढून द्यायची. पण नावापुढे 'डी' किंवा 'एल' लागलेल्या बऱ्याच कॅप्सूलमध्ये दोन औषधं असतात. एक आम्ल कमी करणारं, म्हणजे पॅन्टोप्राझोल किंवा राबेप्राझोल. दुसरं जठराला चालना देऊन अन्न पुढे ढकलणारं: डोमपेरिडोन किंवा लेव्होसल्पिराइड. हे दुसरं डोपामिनला, म्हणजे शरीरात निरोप पोचवणाऱ्या एका रसायनाला, अडवून काम करतं, आणि डोपामिन काही फक्त पोटात नसतं, मेंदूतही असतं.

माझ्या आईला याच औषधाने पुन्हा दोन घास पोटभर जेवता आलं, त्यामुळे त्याला नावं ठेवायला हा धागा नाही. डॉक्टरांनी आधी काय विचारलं, किती दिवसांची दिली, काही वेगळं जाणवलं का, ते सविस्तर लिहा. ओवा, जिरं, आलं यांसाठी दुसरा धागा काढू.

निशिगंध, नाशिक

सासूबाईंचं सांगते. पोट फुगतं म्हणून त्यांना राबेप्राझोल आणि लेव्होसल्पिराइडची कॅप्सूल महिनाभरासाठी लिहून दिली होती. बरं वाटलं, म्हणून संपलेली स्ट्रिप दुकानात दाखवायची आणि नवी आणायची, असं सुरू राहिलं. पुढे त्यांचं चालणं मंदावलं, पाय घासत चालू लागल्या. चेहरा रागावल्यासारखा दिसायचा, पण रागावलेल्या नसायच्या. सही इतकी बारीक झाली की बँकेत जुळेना. घरात सगळे म्हणायचे, वय झालं.

न्यूरॉलॉजिस्टनी पहिल्याच भेटीत सांगितलं, घरातल्या सगळ्या गोळ्या पिशवीत भरून आणा. बीपीच्या, कॅल्शियमच्या बाजूला सारल्या आणि ही स्ट्रिप हातात घेऊन विचारलं, "आजी, ही कधीपासून?" तिथेच उलगडा झाला. यातल्या लेव्होसल्पिराइडने हुबेहूब पार्किन्सनसारखी (कंपवातासारखी) लक्षणं येऊ शकतात आणि वयस्कर माणसांत जास्त येतात. त्यांनी ती बंद करून नुसतं आम्ल कमी करणारं औषध ठेवलं. फरक लगेच नाही पडला. काही महिने गेले, मग पाय उचलून टाकू लागल्या. हल्ली पेन्शनची सही एका फटक्यात होते. सगळ्यांचंच असं पूर्ण उतरतं असं नाही, हेही डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं.

सातारकर

माझं उलट. मला हे औषध हवंच होतं. मधुमेह जुना, त्याने जठराच्या नसा कमजोर झालेल्या. दुपारी खाल्लेला भात रात्री उलटीत तसाच्या तसा पडायचा. एंडोस्कोपीला रात्रभर उपाशी गेलो, तरी पोटात अन्न सापडलं. मग तपासणी झाली ती इडलीची! किंचित किरणोत्सारी द्रव्य मिसळलेली इडली खायला देतात आणि ती पोटातून किती वेळात पुढे सरकते हे काही तास थांबवून ठरावीक अंतराने कॅमेऱ्यावर बघतात. माझी इडली जागची हलायला तयार नव्हती.

डोमपेरिडोन सुरू करण्याआधी ईसीजी काढला, पोटॅशियम तपासलं. या औषधाने हृदयाच्या ठोक्यांची लय बिघडू शकते, आणि उलट्यांनी पोटॅशियम घटलेलं असेल तर धोका वाढतो. १० मिलिग्रॅमची गोळी, जेवणाआधी १५ ते ३० मिनिटं. जेवणानंतर आठवली तर पुढच्या जेवणापर्यंत थांबायचं, दोन एकदम घ्यायच्या नाहीत. इन्सुलिनची वेळही डॉक्टरांनीच बदलून दिली, कारण इन्सुलिन आधी काम करायचं, अन्न मागून उतरायचं आणि भरल्या पोटी साखर खाली जायची. मधुमेह असणाऱ्यांनी हे आपल्या डॉक्टरांशी जरूर बोलावं.

जेवण थोडं थोडं, पाच-सहा वेळा. मऊ भात, वरणाचं पाणी, ताक. साजूक तूप आणि पालेभाज्यांचे देठ बंद. बद्धकोष्ठाला चोथा खा म्हणतात, पण जठरच मंद असेल तर चोथ्याने आणखी तुंबतं.

मृण्मयी

पाळी दोन महिने आली नाही आणि छातीतून दूध येऊ लागलं. गरोदर नव्हते. प्रोलॅक्टिन (दूध आणणारं संप्रेरक) खूप वाढलेलं, मेंदूचा एमआरआय करायचं बोलणं सुरू झालं. माझ्या गायनॅक मॅडमनी विचारलं, पित्ताचं काही घेतेस? डोमपेरिडोन आणि लेव्होसल्पिराइड दोन्हींनी असं होतं. औषध बदललं, पुन्हा तपासलं, आकडा खाली आला. एमआरआय करावा लागला नाही. मुलींनो, हे डॉक्टरांना सांगायला लाजू नका.

केमिस्टकाका

काउंटरच्या या बाजूने लिहितो. गजकर्णासाठी त्वचेच्या डॉक्टरांनी इट्राकोनॅझोल हे बुरशीवरचं औषध दिलेलं असतं आणि घरच्या डॉक्टरांनी 'डी'वाली कॅप्सूल. दोन चिठ्ठ्या, दोघांना एकमेकांचा पत्ता नाही. इट्राकोनॅझोलमुळे डोमपेरिडोनचं रक्तातलं प्रमाण वाढतं, म्हणून ही जोडी टाळायची असते. शिवाय आम्ल कमी झालं की इट्राकोनॅझोलची कॅप्सूल नीट शोषली जात नाही, मग गजकर्ण हटत नाही. क्लॅरिथ्रोमायसिन, एरिथ्रोमायसिन या अँटिबायोटिकचंही डोमपेरिडोनशी जमत नाही. दुकानात येताना दोन्ही चिठ्ठ्या आणा, एवढंच मागणं आहे. आणि स्ट्रिपवरची लाल रेघ बघा: ते औषध चिठ्ठीवरच द्यायचं असतं.

लंडनवासी

इथे २०१४ पासून डोमपेरिडोन फक्त मळमळ-उलटीसाठी, दिवसाला जास्तीत जास्त ३० मिलिग्रॅम आणि शक्यतो आठवडाभरच. जळजळ, पोटफुगीसाठी लिहीत नाहीत. अमेरिकेत तर त्याला मंजुरीच नाही. तिथे त्याच कामाचं मेटोक्लोप्रामाइड मिळतं, पण २००९ पासून त्याच्या माहितीपत्रकावर चौकटीत इशारा आहे: १२ आठवड्यांपुढे शक्यतो घेऊ नका, चेहऱ्याच्या-जिभेच्या नकळत हालचाली कायमच्या जडू शकतात. आई-बाबा मुलांकडे येताना बॅगेत स्ट्रिपा भरून आणतात. ब्रँडचं नाव इथल्या डॉक्टरांना काहीच सांगत नाही. कागदावर औषधाचं मूळ नाव, मिलिग्रॅम आणि कशासाठी दिलं, हे लिहून द्या.

धागाकर्ती

सगळ्यांचे आभार. दुष्परिणामाची शंका आली तर भारतात त्याची नोंद करण्यासाठी १८००-१८०-३०२४ हा टोल फ्री नंबर आहे, रुग्ण किंवा नातेवाईकही फोन करू शकतात. मात्र छातीतली जळजळ जबड्याकडे किंवा हाताकडे सरकत असेल, घाम फुटत असेल, तर गोळी शोधत बसू नका, सरळ ईसीजीला जा. काळी शौच, रक्ताची उलटी, घास अडकणं, कारण नसताना वजन उतरणं, यातलं काही असेल तरी घरी थांबू नका. अजून कुणी इटोप्राइड (हेही जठराला चालना देणारंच) घेतलं असेल तर लिहा, त्याचा अनुभव इथे अजून आलेला नाही.