जुन्या फॉन्टातली भजनं उघडंनात, काय करायचं?

पाऊसपाणी_जांबोटी
नमस्कार मंडळी. आमच्या गावच्या भजनी मंडळाची एक जाडजूड वही होती, काकड्यापासून हरिपाठापर्यंत सगळं हातानं लिहिलेलं. बाबांनी २००३ साली बेळगावात एका डीटीपीवाल्याकडून ती टाईप करून घेतली आणि पुस्तिका छापल्या, त्यातली आता एकच उरलीय आणि तिची मधली पानं वाळवीनं खाल्लीत. वही कुणीतरी शेजारच्या गावच्या सप्ताहाला नेली ती गेलीच. परवा माळ्यावर सीडी सापडली आणि चक्क चालली की ओ! आत दोन पेजमेकरच्या (छपाईची पानं मांडायचा जुना प्रोग्राम) फायली, एक वर्डची आणि फॉन्ट नावाचं फोल्डर. वर्डची उघडली तर नुसती इंग्लिश अक्षरं, मधेच डॉलर, मधेच कंस, काय बोध होईना. फाईल खराब झाली काय? बाबांकडं २००३ सालीच निघालेला नोकिया ११०० अजून चालू आहे, बॅटरी तेवढी दोनदा बदलली, लाईट गेली की त्याच्या टॉर्चवर गोठ्यात जाऊन येतात. आणि माझा नवा लॅपटॉप भजन वाचंना.

जुना_डीटीपीवाला
फाईल ठणठणीत आहे, घाबरू नका. त्या वेळी आम्ही श्रीलिपी, आकृती, शिवाजी असल्या फॉन्टात काम करायचो. त्यात कॉम्प्युटरच्या लेखी मराठी नव्हतंच, इंग्लिश अक्षराच्या जागेवर मराठी अक्षराचं चित्र बसवलेलं, बास. फॉन्ट काढला की चित्र जातंय आणि खालचं इंग्लिश उघडं पडतंय. प्रत्येक कंपनीची मांडणी परत वेगळी. युनिकोडमध्ये, म्हणजे प्रत्येक भाषेच्या अक्षराला स्वतःचा ठरलेला नंबर देणाऱ्या पद्धतीत, देवनागरी १९९१ पासून आहे पण आम्हाला कोण सांगणार, विंडोज एक्सपीवर सेटिंगमध्ये जाऊन टिक करायची, मग ते विंडोजची सीडी घाल म्हणायचं, आणि पेजमेकरला युनिकोड कळायचंच नाही. गिऱ्हाईकाला संध्याकाळी बटर पेपरवर प्रिंट पाहिजे, प्लेट करायला ऑफसेटवाला बसलेला. कानडी कामाला नुडी आणि बरह हे प्रोग्राम, तिथंही हाच घोळ. एकाच टेबलावर दोन भाषा आणि पाच कीबोर्ड डोक्यात, आता हसू येतंय.

तुमच्याकडं फॉन्टचं फोल्डर आहे म्हणजे निम्मं काम झालं. आधी सगळ्या सीडीची कॉपी करा, पेनड्राईव्हवर एक आणि दुसऱ्याच्या घरी एक. मग फॉन्ट टाका, वर्डची फाईल वाचता येईल. फॉन्टचं नाव बघून त्याचाच कन्व्हर्टर, म्हणजे ते युनिकोडात बदलून देणारा प्रोग्राम शोधा, नेटवर फुकट मिळतात. पेजमेकरची फाईल लिब्रेऑफिसच्या ड्रॉमध्ये उघडून बघा, तेही फुकट आहे. एक लक्षात ठेवा, जुन्या फॉन्टात ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या आधी टाईप व्हायची, युनिकोडमध्ये नंतर. कन्व्हर्टर चुकला की हरिचं हिर होतंय. रफारही उड्या मारतोय. प्रत्येक ओळ डोळ्यांनी बघायला लागेल, शॉर्टकट नाही.

आक्का_निपाणी
मला ते कन्व्हर्टर काय कळत नाही पण एक सांगते, म्हाताऱ्या माणसांकडून चाली रेकॉर्ड करून घ्या आधी. शब्द पुस्तकात मिळतील, चाल कुठं मिळणार? आमच्या आईच्या कीपॅडच्या फोनमध्ये दोन जीबीचं कार्ड आहे, त्यात भाच्यानं भजनं भरून दिलीत, एमपीथ्री, ना नेट लागतंय ना लॉगिन. फोन बिघडला की कार्ड दुसऱ्यात घालायचं. मी मात्र अॅपमध्ये यादी करून ठेवलेली, पैसे भरायचे थांबवले तर सगळी कुलपात. आईला सांगितलं तर म्हणती, कार्ड माझ्या हातात हाय की.

पाऊसपाणी_जांबोटी
आक्का, एकदम बरोबर बोललात, आमचे पखवाजवाले आण्णा आहेत तोवर करून घेतो. आणि जुन्या दादा, तुमचं ऐकून आधी कॉपी केली. पण हे सगळं झाल्यावर ठेवायचं कुठं? ग्रुपवर टाकावं म्हणालं कोणीतरी.

सीमेवरचा_शहापूरकर
ग्रुपवर टाकलं की चार दिवसांत गुड मॉर्निंगखाली पुरलं जातंय. आमच्या कॉलेजच्या पोरांची ऑर्कुटवर, म्हणजे तेव्हाच्या फेसबुकसारख्या साईटवर, कम्युनिटी होती, बेळगावच्या जुन्या फोटोंची, कोणत्या गल्लीत कोणता वाडा होता ते लोक खाली लिहायचे. ३० सप्टेंबर २०१४ ला ऑर्कुट बंद. उतरवून घ्या म्हणून आधी सांगितलेलं, पण आम्ही कुठं ऐकतोय. फोटो काहीजणांकडं होते, खालची माहिती गेली. तेव्हापासून मी दुसऱ्याच्या माडीवर सामान ठेवत नाही.

साध्या टेक्स्ट फाईलमध्ये युनिकोडात ठेवा, ती कुठल्याही मशीनवर उघडतीय. मंडळाची छोटी वेबसाईट करा, लॉगिन न मागणारी. पुण्यातला माणूस असो की हुबळीतला, शोधलं की सापडायला पाहिजे. तुकोबांचे अभंग मराठी विकिस्रोतावर (नेटवरचं फुकट ग्रंथालय) आधीच आहेत, ते परत टाईप करत बसू नका, उलट तिथलं बघून तुमची वेलांटी सुधारा. आणि हो, वहीत अलीकडच्या कवीचं काही असेल तर ते टाकू नका, कवी गेल्यावर साठ वर्षं हक्क राहतो.

पाऊसपाणी_जांबोटी
अपडेट. फॉन्ट बसला, वर्डची फाईल मराठीत दिसली, बाबांना हाक मारली तर चष्मा शोधण्यातच पाच मिनिटं गेली. कन्व्हर्टरनं बहुतेक काम केलं, पण दादा म्हणाले तसंच, हरिपाठात सगळीकडं हिर. पहिल्या अभंगातच हिर मुखे म्हणा हिर मुखे म्हणा. आण्णांना वाचून दाखवलं तर म्हणाले, आमच्या नातवानं मोबाईलवर म्हटलेलं असंच असतंय. आता रोज संध्याकाळी ते पाठ म्हणतात, मी स्क्रीनवर बघून दुरुस्त करतो आणि आक्का म्हणाल्या तसा फोन रेकॉर्डिंगला शेजारी ठेवतो. अकरा अभंग झाले. पेजमेकरची दुसरी फाईल ड्रॉमध्ये उघडली पण पानांचा क्रम उलटा दिसतोय, जुन्या दादा, हे कशानं?