क्यूसी सोडून मेथड डेव्हलपमेंटला जावं का?

तिसरी_पाळी:
औषध कंपनीच्या क्यूसी (गुणवत्ता तपासणी) लॅबमध्ये सहा वर्षं झाली. काम एचपीएलसीचं, म्हणजे औषधातले घटक वेगळे करून मोजणाऱ्या मशिनचं. मोबाइल फेज (नमुना वाहून नेणारा द्रव) करा, कॉलम (घटक वेगळे करणारी नळी) लावा, सिस्टिम सुटेबिलिटीची (मशिन नीट चालतंय का ते बघायची) पाच इंजेक्शनं द्या, आरएसडी (त्या पाच आकड्यांमधला फरक) २ टक्क्यांच्या आत आला की नमुने चढवा. रात्रपाळीत आलेखाची बेसलाइन सरळ व्हायची वाट बघत बसले की डोक्यात येतं, ही पद्धत लिहिणाऱ्याने हाच कॉलम का घेतला असेल? पीएच ३च का? विचारलं तर उत्तर ठरलेलं, ‘एसटीपीत (तपासणीच्या लेखी पद्धतीत) आहे तसं कर.’ त्यांचंही बरोबरच आहे म्हणा, क्यूसीत तसंच करायचं असतं.

आता दोन ऑफर आहेत. एक मोठी कंपनी: परत क्यूसीच, पण सीनियरचा हुद्दा आणि पगार ३० टक्के जास्त. दुसरी वीसेक माणसांची कॉन्ट्रॅक्ट लॅब (दुसऱ्या कंपन्यांचं काम करून देणारी): मेथड डेव्हलपमेंट, म्हणजे तपासणीच्या पद्धती तयार करणं, पगार आत्ताइतकाच, हुद्दा एक पायरी खाली. शुक्रवारी कळवायचंय. कागदावर दोन रकाने आखून मांडलं की दर वेळी पहिलीच जिंकते. मग मी कागद फाडते आणि परत मांडते.

जुना_कॉलम:
कागद का फाडताय ते तुम्हाला कळलंय, आम्हाला विचारून फक्त खात्री करून घेताय. तरी आधी एक भ्रम काढतो. डेव्हलपमेंटमध्येही निम्मा वेळ व्हॅलिडेशन (पद्धत भरवशाची आहे हे सिद्ध करणं), प्रोटोकॉल आणि रिपोर्ट यांतच जातो.

उरलेल्या वेळात काय मिळतं ते सांगतो. एक अशुद्धी मुख्य पीकच्या (आलेखातल्या उंचवट्याच्या) शेपटीत दडायची. आम्ही ती वेगळी काढली, खूश झालो, पद्धत दुसऱ्या लॅबला दिली आणि तिथे ती परत गायब! तीन आठवडे डोकं खाजवलं. निघालं काय, तर अशुद्धीचा पीकेए (ज्या पीएचला तिचे निम्मे रेणू आयन होतात तो) नेमका मोबाइल फेजच्या पीएचजवळ. बफर करताना ०.१चा फरक पडला तरी पीक सरकायचा. पीएच दोन एककांनी खाली नेला, प्रश्न संपला.

हे वाचून मजा आली असेल तर जा. कंटाळा आला असेल तर ३० टक्के घ्या, त्यात कमीपणा काही नाही. आणि या कामाला किंमत नाही असं कोणी म्हणालं तर आयसीएचची (औषधांचे निकष ठरवणाऱ्या आंतरराष्ट्रीय संस्थेची) क्यू१४ मार्गदर्शिका दाखवा. नोव्हेंबर २०२३मध्ये मंजूर झाली, अख्खी पद्धत विकसित करण्यावरच आहे.

भरतीवाला:
मानसशास्त्रज्ञ हर्झबर्गने १९५९मध्ये मांडलं होतं की पगार, हुद्दा, सोयी कमी पडल्या की माणूस वैतागतो, पण त्या वाढल्या म्हणून कामात गोडी येत नाही. त्याच्यावर टीका भरपूर झाली, पण तुमच्या रकान्यांत सगळ्या याच गोष्टी दिसतात. ‘दिवसभर हाताने काय करणार’ हा रकानाच नाही. बाकी, खालचा हुद्दा घेणार असाल तर वर्षाने फेरविचार होईल असं लेखी घ्या.

दोनदा_पोळलेला:
मी असाच गेलो होतो. कार्डावर ‘सायंटिस्ट’. लॅबचे ग्राहक दोनच, त्यातला एक गेला आणि सातव्या महिन्यात मी स्टॅबिलिटी चेंबरमधून (औषध किती टिकतं ते बघायच्या कपाटातून) नमुने काढत होतो. ग्राहक किती, माणसांमागे मशिनं किती, आधीचा का गेला, हे विचारल्याशिवाय सही करू नका. आणि लॅब डोळ्यांनी बघा.

तिसरी_पाळी:
काल बघून आले. डेव्हलपमेंटच्या भागात मशिनं चार, माणसं सहा. आधीची मुलगी पीएचडीला गेली म्हणे. ग्राहक पाच, पण निम्मं काम एकाचंच. ते ऐकून पोटात गोळा आला. मग तिथल्या प्रमुख बाईंनी एक वही उघडून दाखवली. एका औषधासाठी वापरलेले सात कॉलम, सहांवर काट, आणि प्रत्येक काटेपुढे कारण. मी उभ्या उभ्या चार पानं वाचली. चौथ्या कॉलमला काट का मारली यावरून आमचा थोडा वादही झाला.

दुसरीच घेतेय. फक्त फेरविचाराचं तेवढं ऑफर लेटरमध्ये घालायला नाही म्हणाल्या, तोंडी हो आहे. भरतीवाला, ईमेलवर घेतलं तर चालेल?

भरतीवाला:
चालेल. आजच पाठवा, ‘आपलं काल ठरल्याप्रमाणे’ अशी सुरुवात करा. आणि त्यांचं उत्तर आल्यावरच मोठ्या कंपनीला नाही कळवा, आधी नको.