गोळीनं कावीळ म्हणजे लिव्हरच का?
वर एकानं लिहिलंय की मलेरियाच्या गोळ्या घेताना डोळे पिवळे झाले म्हणजे लिव्हर गेलंच, तसं दरवेळी नसतंय बरं का. आमच्या किनवटच्या मामाला व्हायवॅक्स (मलेरियाचाच एक प्रकार) निघाला, त्यावरच्या प्रायमाक्विन गोळीचा १४ दिवसांचा कोर्स, चौथ्याच दिवशी लघवी पार कोऱ्या चहावानी अन् डोळे हळदीसारखे, घरचे लगेच गळ्यात काविळीची माळ घालायलेले, मी म्हणलं थांबा, आधी रक्त तपासा. एसजीपीटी (लिव्हरची तपासणी) नॉर्मल, जी६पीडी (लाल पेशींना जपणारं एन्झाइम) कमी, म्हणजे गोळीनं रक्तातल्या लाल पेशी फुटायलेल्या. डॉक्टरनं गोळी बंद केली. लिव्हरसाठी बदनाम मलेरियाची गोळी म्हणजे अमोडायाक्विन, ती आपल्याकडं सहसा देत नाहीत. अन् मलेरियानंसुद्धा कावीळ होती की! वर लिहिणाऱ्या भाऊ, तुमच्या पेशंटचं बिलिरुबिन (काविळीतलं पिवळं द्रव्य) डायरेक्ट वाढलंय (म्हणजे बहुतेक लिव्हर) का इनडायरेक्ट (म्हणजे बहुतेक पेशी फुटायलेल्या), तेवढं सांगा.