डिस्कचे सी, डी असे तुकडे (पार्टिशन) पाडणं आता बंद करावं का?

धागाकर्ता:
विंडोज १० चे सुरक्षा अपडेट १४ ऑक्टोबर २०२५ ला थांबले, म्हणून मावशीच्या लॅपटॉपवर विंडोज ११ नव्याने टाकलं. आतली डिस्क (एसएसडी) २५६ जीबीची. विकणाऱ्याने तिचे दोन तुकडे केलेले: सी १०० जीबी, बाकीची डी. सी पार लाल, अपडेट उतरायला जागा नाही. डी जवळजवळ रिकामी. सी वाढवायला गेलो तर ‘एक्स्टेंड व्हॉल्यूम’ फिकट, दाबताच येईना, कारण कुठल्याच पार्टिशनमध्ये नसलेली मोकळी जागा सीला लागूनच उजवीकडे असावी लागते आणि तिथे डी बसलेली. शेवटी फाइल दुसरीकडे उतरवल्या, सगळी पार्टिशन उडवून अख्खी डिस्क इन्स्टॉलरच्या हवाली केली. बूटचा नि रिकव्हरीचा लहान भाग त्याने आपणच काढला.

ही सवय फॅट१६ च्या, म्हणजे डिस्कवर फाइल मांडायच्या जुन्या पद्धतीच्या काळातली. तेव्हा पार्टिशन २ जीबीच्या वर जातच नसे, तुकडे पाडावेच लागत. १९९६ मध्ये फॅट३२ आलं, ते कारण गेलं. आपण अजून सी, डी, ई पाडतोच आहोत.

साताऱ्याचा दुरुस्तीवाला:
अजिबात पटत नाही. माझ्याकडे मशीन येतं ते विंडोज उठत नाही म्हणून. डी वेगळी असली तर सी फॉरमॅट मारून तासाभरात मशीन हातात देतो. एकटी सी असली की पेनड्राइव्हवरून लिनक्स (विंडोजसारखीच दुसरी सिस्टिम) बूट करा, फोटो शोधा, टॅलीचा डेटा शोधा, दुसरीकडे उतरवा. उद्या जीएसटी भरायची म्हणून माणूस समोर बसलेला असतो.

धागाकर्ता:
दादा, पण लोक डीमध्ये ठेवतात कुठे? मावशीच्या डीमध्ये ड्रायव्हर आणि गाणी होती. नातवाच्या बारशाचे फोटो सगळे डेस्कटॉपवर, म्हणजे सीमध्येच. आणि एसएसडी मेली की सी-डी दोन्ही एकदम जातात. डी म्हणजे बॅकअप नव्हे.

साताऱ्याचा दुरुस्तीवाला:
म्हणून मी डेस्कटॉप आणि डॉक्युमेंट्सच्या प्रॉपर्टीजमध्ये जाऊन लोकेशन डीवर वळवून देतो. नुसती डी काढून देणं अर्धवट काम, हे मान्य.

लिनक्सवाली:
मी कायम /होम, म्हणजे स्वतःच्या फाइलींचा भाग, वेगळं ठेवते. उबंटूची (माझ्या लिनक्सची) नवी आवृत्ती टाकताना रूट, म्हणजे सिस्टिमचा भाग, तेवढा फॉरमॅट करते, /होमला हात लावत नाही. म्हणजे कल्पना जुनाट नाही. विंडोजमध्ये ती हाताने जुळवावी लागते, एवढंच.

बँकेत आयटी बघणारा:
बिटलॉकर, म्हणजे विंडोजचं डिस्क कुलूपबंद (एन्क्रिप्ट) करणं, विसरताय. विंडोज ११ ची २४एच२ आवृत्ती कोरी टाकली आणि मायक्रोसॉफ्ट खात्याने लॉगिन केलं की बहुतेक मशीनवर एन्क्रिप्शन आपोआप सुरू होतं, डीवरही. डी आपोआप उघडते, कारण तिची किल्ली सीमध्ये असते. सी फॉरमॅट केली की ती किल्ली गेली. मग डीची ४८ आकडी रिकव्हरी की हवीच. ती खात्यात आहे का, हे आधी बघा, मग फॉरमॅट.

साताऱ्याचा दुरुस्तीवाला:
हा मुद्दा महत्त्वाचा. आजपासून फॉरमॅटआधी की विचारणार. २५६ जीबीवर डी नको, हेही पटलं. पण ५१२ च्या पुढे मी डी पाडणारच. वर्षभरात एकदाही बॅकअप न घेणारी घरं मी रोज बघतो.

धागाकर्ता:
त्यांना डी नाही, बाहेरची हार्डडिस्क द्या. मावशीसाठी १ टीबीची मागवली आहे. रविवारी फोटो आधी त्या हार्डडिस्कवर उतरवतो.