शंखाचं टोक स्पष्ट, तोंड धूसर
शंखाचा अगदी जवळून काढलेला फोटो टाकून इथे विचारलंय, की टोक स्पष्ट आणि तोंड धूसर का? फोटो झकास आलाय. त्यावर आधीच 'अ‍ॅपर्चर (लेन्समधलं प्रकाश आत सोडणारं छिद्र) अजून बंद करा', म्हणजे जास्त भाग स्पष्ट येईल, असा सल्ला आलाय, त्यात थोडी भर. एकास एक मॅग्निफिकेशनला, म्हणजे वस्तू सेन्सरवर खऱ्या आकाराएवढीच उमटते तेव्हा, कॅमेऱ्यावर एफ/११ लावलं (आकडा मोठा तितकं छिद्र लहान) तरी साध्या मॅक्रो लेन्सवर, म्हणजे अगदी जवळून फोटो काढायच्या लेन्सवर, ते जवळपास एफ/२२ सारखं वागतं. त्यापुढे गेलात तर डिफ्रॅक्शनमुळे, म्हणजे लहान छिद्रातून जाताना प्रकाश पसरल्यामुळे, अख्खा फोटोच मऊ पडतो. त्यापेक्षा एफ/५.६ वर फोकस जरा जरा सरकवत दहा-पंधरा फोटो घ्या आणि ते स्टॅक करा, म्हणजे प्रत्येकातला स्पष्ट भाग सॉफ्टवेअरने एकत्र जोडा. अर्थात शंख रिकामा असेल तरच! माझा एक शंख सातव्या फोटोला चक्क चालू लागला, आत हर्मिट क्रॅब, म्हणजे रिकाम्या शंखात राहणारा खेकडा. मुकाट्याने परत ठेवला.

ओल्या शिंपल्यावरची चमक पोलरायझर (लेन्सपुढे लावायचा चमक गाळणारा फिल्टर) फिरवून बरीच कमी होते.

पण माझं आवडतं सावज म्हणजे भोक पडलेला शिंपला. कुणी माळेसाठी पाडलंय असं वाटावं इतकं गोल. जवळून पाहा: बाहेरून रुंद, आत निमुळतं, स्क्रूचं डोकं बसवायला खाच करतात तसं. हे मून स्नेल या शिकारी गोगलगायीचं काम. आम्लाने कवच मऊ करायचं, दातेरी जिभेने खरवडायचं आणि आतला जीव खायचा. समोरून फ्लॅश मारलात तर नुसता काळा ठिपका येईल. टॉर्च अगदी आडवा, शिंपल्याच्या पातळीला धरा, मग कडेचा तो उतार उठून दिसतो.